बिनफोडणीचा फाल्गुन

पळस फुलला की लोकांना बरं वाटतं. आदिलाबादहून येणाऱ्या बसमधली पोरं खिडकीतून मोबाइल बाहेर काढून फोटो घेतात. माझी लेकही फोनवर म्हणते, "आई, आपल्या नाल्यावरच्या पळसाचा एक फोटो पाठव ना." मी पाठवत नाही. पळस दिसला की माझ्या तोंडून आपसूक निघतं, आले गोवराचे दिवस. सगळी नोकरी अंगणवाडीत काढली, निवृत्त होऊनही आता तीन-चार वर्षं झाली, पण बोटांची सवय जात नाही. फाल्गुनात जे पोर जवळ येईल त्याच्या कानामागे माझं बोट जातं. गोवराचं पुरळ आधी तिथेच येतं ना! परवा शेजारची सून हसली, "टीचरबाई, पोट्टीच्या कानामागं काय शोधून राह्यल्या?" मी म्हटलं, मळ. खोटं बोलले.

दुपारी अकरा-साडेअकराला आमच्या गल्लीत एकामागून एक फोडण्या पडतात. मोहरी तडतडते, लसूण लाल होतो, कुणाची मिरची करपते आणि सगळी गल्ली मिळून खोकते. मी ओट्यावर बसून वासावरून सांगू शकते, कुणाकडे वरण आहे आणि कुणाकडे आंबाडीची भाजी. फक्त फाल्गुनात मधेच एक घर सुटतं. पार्वतावैनीचं. महिनाभर त्या घरात मोहरी फुटत नाही. वरण असतं, पण नुसतं शिजवलेलं, हळद-मीठ घातलेलं. ही गोष्ट आता गल्लीला इतकी सवयीची झाली आहे की नव्या सुनांना कुणी कारणही सांगत नाही. खरं काय झालं ते तीनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक निवृत्त होऊन आपल्या गावी गेलं. उरलेल्या दोघींची घरं एकमेकींपासून चार पावलांवर आहेत.

मी मूळची इचोड्याची. रस्त्यावरचं गाव, दिवसभर हैदराबाद-नागपूरचे ट्रक. वडील मास्तर, घर बौद्ध. नवस नाही, अंगात येणं नाही, माय-मरीआई काही नाही. आजारी पडलं की गोळी घ्यायची, हे आमच्या घरातलं शास्त्र. शाळेत तेलुगू शिकले, घरात मराठी आणि ढाब्यावरच्या लोकांकडून हिंदी. लग्न होऊन तलमडुगूच्या पलीकडच्या या गावात आले, मालक मंडल कचेरीत कारकून, आणि वर्षाभरात अंगणवाडी मिळाली. तेव्हा मी बावीस-तेवीसची. तिन्ही भाषा येतात याची मला भारी मिजास होती. गावात आलेला कोणताही साहेब काही बोलला की लोक माझ्याकडे पाहायचे, "काय म्हनते बाई हा?" आणि मी सांगायची. चुकीचं सांगू शकते, हे माझ्या मनातही यायचं नाही.

ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाली होती. बाळांना लस द्यायची मोठी मोहीम आमच्याकडे नुकती पोचत होती. आमच्या भागाची नर्स होती सुगुणा सिस्टर, निर्मल गावाकडची. बसमधून उतरून खांद्याला निळा डबा लावून चालत यायची. डब्यात बर्फ, बर्फात लशी. पहिल्या दिवशी तिनं मला पाणी मागितलं, चहा नको म्हणाली, आणि आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत काम सांगितलं. "अम्मा, किस किस बच्चे को टीका पडा, किसको नहीं पडा, पूरी फेरिस्त बना के रखो. मैं अगले हफ्ते आती."

हौ सिस्टर, म्हटलं, यादी करून ठेवते.

आता मजा बघा. 'टीका' म्हणावं तर आमच्या बायांना कळायचं, कपाळावरचा टिळा. पहिल्याच घरी मी विचारलं, "टीका पडली का?" तर म्हातारी म्हणाली, "कोनाच्या कपाळावर?" मी हसले. मग माझ्या हुशारीनं मी शब्द शोधून काढला. असा शब्द जो सगळ्यांना समजेल. देवी.

गावाला एकच टोचणं माहीत होतं, देवीचं. माझ्याही दंडावर दोन गोल खुणा आहेत, रुपयाएवढ्या. तो रोग गेला, टोचणारे गेले, शब्द राहिला. दवाखान्यातलं कुठलंही टोचणं म्हणजे देवी काढणं. आणि देवी काढली एवढ्यावर भागायचं नाही, ती उठावी लागायची. टोचलेल्या जागी फोड यायचा, पिकायचा, खपली धरायचा, खूण राहायची. तर उठली. नाही उठली तर पुन्हा टोचायचं. म्हणजे माणसाच्या कागदाची गरजच नव्हती, दंड हाच कागद. मी घरोघरी फिरले, वही छातीशी धरून, आणि विचारत गेले, "वैनी, लेकराची देवी काढली का? उठली का?"

बहुतेक घरी उत्तर एकच, नाही. म्हाताऱ्या मात्र उत्साहानं आपापले दंड उघडे करून दाखवायच्या. "हे पाय बाई, माई कशी उठली!" मी म्हणायची, आजी, तुमचं नाही, नातवाचं सांगा.

मग पार्वतावैनीचं घर आलं. कुणब्याचं घर, ज्वारी-कापसाची शेती. अंगणात एका बाजूला वेचलेल्या कापसाचा ढीग आणि त्या ढिगावर चढून घसरणारी दोन वर्षांची कौशी. कौसल्या नाव, पण कौशीच. हिच्या वेळी पार्वतावैनी अडली होती, बैलगाडीनं रस्त्यापर्यंत आणि तिथून मिळेल त्या गाडीनं आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेली होती. गावातली बाकी सगळी लेकरं घरीच झालेली. त्यामुळे कौशीचा मान वेगळा. मी विचारलं, देवी काढली का? पार्वतावैनी हसली, पोरीला म्हणाली, "कौशे, टीचरबाईले देवी दाखव."

आणि कौशीनं डावी बाही वर ओढली. सगळं लक्ष लावून, जीभ ओठाबाहेर काढून, ओढत ओढत पार खांद्यापर्यंत नेली. दंडावर वाटाण्याएवढी पांढरी, सुरकुतलेली खूण होती.

"दवाखान्यातूनच काढून आनली," पार्वतावैनी म्हणाली. "सव्वा महिन्यानं फोड आला, पिकला. लय मस्त उठली बाई!"

मी वहीत कौशीच्या नावापुढे बरोबरची खूण केली. गावात तेवढी एकच.

ती खूण क्षयाच्या लशीची होती, गोवराच्या नाही. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. पण प्रशिक्षणात सांगितलं होतं. डाव्या दंडावर जन्मल्यावर देतात ती क्षयाची, तिची खूण राहते. गोवराची उजव्या दंडात देतात, तिची खूणबीण काही राहत नाही. मी लिहूनही घेतलं होतं. पण विचारताना मी 'देवी' विचारलं आणि ऐकताना 'देवी'च ऐकलं. शब्द मीच आणला होता, आणि त्याच शब्दानं माझं शिकलेलं पुसून टाकलं.

सिस्टर ठरल्या दिवशी आली. शाळेच्या ओसरीवर स्टोव्ह मांडला, पातेल्यात काचेच्या सिरिंजा उकळायला टाकल्या. गोवराची लस म्हणजे कुपीच्या तळाशी थोडी पांढरी भुकटी. तिच्यात पाणी कालवलं की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. ऊन वाढत होतं, बर्फ वितळत होता, सिस्टरला पुढं आणखी एक गाव करायचं होतं. ती म्हणाली, तू नाव घे, मी टोचते. मी वहीतून नावं घेत गेले. रांगेत पोरांचा असा आकांत की शाळेची पोरं वर्ग सोडून खिडकीत.

सिस्टरच्या पिशवीत निर्मलचा एक लाकडी पोपट होता. हिरवा, लाल चोचीचा, वार्निशनं चकचकणारा. टोचलं की पोराच्या हातात पोपट. हुंदके देत देत पोर पोपटाची चोच तोंडात घालायचं आणि गप व्हायचं. मग तो पुढच्याला.

पार्वतावैनीही आली होती, कौशीला कडेवर घेऊन. रांगेत उभी होती. मी तिला पाहिलं आणि लांबूनच म्हटलं, "वैनी, तुमच्या पोरीची झाली ना! कायले दोनदा रडवता?" आजूबाजूच्या बाया हसल्या. पार्वतावैनीही हसली, थोडी लाजली, आणि रांगेतून बाजूला झाली. रडली ती कौशी. तिला पोपट हवा होता. सगळ्यांना मिळत होता आणि तिला नाही. तिनं बाही वर करून सिस्टरकडे दंड नेला, बघ, माझीपण आहे. सिस्टरचं लक्ष सुईकडे होतं. मी तिला एक मिनिट पोपट धरू दिला आणि काढून घेतला, कारण पुढचं पोर टोचून तयार होतं.

आयुष्यात मी पुष्कळ वाक्यं बोलले असेन. त्यातलं एकच मला शब्दन् शब्द, आवाजाच्या चढउतारासकट आठवतं. कायले दोनदा रडवता.

लस काय करते ते त्या दिवशी काम संपल्यावर मी सिस्टरला नीट विचारलं. तिनं आपल्या परीनं सांगितलं, आणि मी नंतर वर्षानुवर्षं आयांना माझ्या परीनं सांगत आले. अंगणवाडीत माझ्याकडे चित्रांच्या पाट्या होत्या. हत्ती, वाघ, मोर. आमच्या गावात हत्ती कुणी पाहिलेला नाही, पण चार दिवस पाटी दाखवली की तीन वर्षांचं पोरही ओळखतं. कधी खरा हत्ती आलाच तर ते म्हणेल, हा हत्ती. लस म्हणजे रोगाची पाटी. गोवराच्या लशीत गोवरच असतो, पण पार नरम केलेला. अंगाच्या आत जे राखणदार असतात त्यांना तो दाखवायचा. ते त्याला निरखतात, त्याच्यावरचं हत्यार घडवतात, आणि मुख्य म्हणजे तो चेहरा लक्षात ठेवतात. या अभ्यासाला दहा-पंधरा दिवस लागतात. म्हणून कधी लस दिल्यावर थोडा ताप येतो, अंग शिकत असतं. मग खरा गोवर कितीही वर्षांनी येवो, त्याला उंबऱ्यावरच ओळखतात. न झालेल्या दुखण्याची आठवण, असं मी म्हणते. बायांना ते पटतं.

पण एक पाटी दाखवली की एकच जनावर कळतं. कौशीच्या अंगाला वाघाची पाटी दाखवलेली होती. आला हत्ती.

आणि तो गावातून नाही आला. गावातली बाकी लेकरं टोचलेली, गोवराला शिरायला जागाच कमी. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक बाळ चार महिन्यांचं होतं, लशीच्या वयाचंही नव्हतं. ते वाचलं, कारण त्याच्या भोवतीची सगळी टोचलेली होती. कुंपणच झालं म्हणा ना त्याचं. कौशी त्या कुंपणाबाहेर गेली. पार्वतावैनीच्या माहेरी, सीमेपलीकडे महाराष्ट्रात लगन होतं. पंगतीत कुणाचं तरी पोर लाल डोळ्यांनी खोकत होतं, हे तिनं नंतर सांगितलं. परत आल्यावर दहा-बारा दिवसांनी मी पोषणाचा डबा घेऊन अंगणवाडीला निघाले, तर त्यांच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे लावलेले. पळस तेव्हा असाच फुललेला होता, नाल्याच्या कडेला सगळा.

आत माय आली होती. गोवर असं कुणी म्हणत नसे, माय आली म्हणत. माय आली की घराचे नियम बदलतात. मोठ्यानं बोलायचं नाही, मटण नाही, डोक्याला तेल नाही आणि चुलीवर फोडणी नाही. मायला फोडणीचा वास चालत नाही, ती रुसते. या सगळ्याला मी आतून हसणारी. त्या दिवशी हसू आलं नाही. मी दारातून पाहिलं, कौशी गोधडीवर, तोंड लालेलाल, डोळ्यांना चिपडं. मला पाहिल्यावर तिचा हात सवयीनं बाहीकडे गेला. बाही वर झाली. खुणेभोवती सगळीकडे पुरळ होतं, खूण मधेच पांढरी.

पुढच्या फेरीला सिस्टर आली. तिनं तो दंड हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "अम्मा, ये तो टीबी का है. मीजल्स का नहीं पडा इसको?" मी कौशीची बाही खाली ओढली. पार्वतावैनी चुलीपाशी होती, तिला हिंदी कळत नव्हतं. सिस्टर उठून चुलीपाशी गेली. पेज दे, पाणी दे, डोळे पूस, उपाशी ठेवू नको, एवढं तिनं पार्वतावैनीला सांगितलं. मी मराठी करून दिलं. तेवढंच केलं.

आता फोडणीचं. कौशीच्या तापाच्या चौथ्या दिवशी पार्वतावैनीचा नवरा कापूस घेऊन गेलेला दोन दिवसांनी परत आला. सगळा रस्ता उपाशी. दोन घास खाऊन म्हणाला, हे आळणी काय घशाखाली जाते? पार्वतावैनीनं पाहिलं, सासू मळ्यात गेली आहे, पोरगी झोपली आहे. पळीभर तेल तापवलं, मोहरी टाकली, वरणावर ओतली. पोरगी दचकून उठली आणि खोकत सुटली. सासू आली ती वास घेतच आली. "काय केलं वं हे? मायच्या अंगावर तेल टाकलं तूनं!"

तरी कौशी बरी झाली. पुरळ काळवंडलं, उतरलं. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली, दहीभात ठेवून मायची बोळवण झाली, डहाळे काढले. ती पुन्हा अंगणात आली, हडकली होती पण आली. मी येता-जाता म्हणायची, कौशे, देवी दाखव. ती दाखवायची. मला वाटलं, सुटले.

तीन आठवड्यांनी पुन्हा खोकला. या वेळी बरगड्या आतबाहेर व्हायला लागल्या, नाकपुड्या फुगायला लागल्या. सकाळी कौशीला घेऊन आम्ही आदिलाबादच्या दवाखान्याला निघालो, पार्वतावैनी, तिचा नवरा आणि पिशवी घेऊन मी. बैलगाडी मोठ्या रस्त्याला लागली, बस नव्हती. ऊन वर आलं. पोरगी डोळे मिटायला लागली तशी पार्वतावैनी तिला हलवू लागली, झोपू नको, झोपू नको. आणि काही सुचेना म्हणून म्हणाली, "कौशे, टीचरबाईले देवी दाखव."

हात बाहीपर्यंत आला. तिथंच राहिला.

बस नंतर आली. आम्ही तिला हात केला नाही.

गावात एकच बोलणं झालं, फोडणी. माय रुसून गेली होती, ती पोरीला घ्यायला परत आली. सासू बोलली, जावा बोलल्या, आणि पार्वतावैनी स्वतः तर सगळ्यांत मोठ्यानं बोलली. माया हातानं झालं, माया चटोर नवऱ्यापायी झालं. मी तिथं बसले होते. मी, बौद्ध घरातली, मास्तराची लेक, तीन भाषा येणारी. एका भाषेतलं एक वाक्य बोलायचं होतं. मी नाही बोलले. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. माझ्या वहीतली ती बरोबरची खूण कुणाला दिसली नाही, याचं हायसं. मी स्वतःला सांगितलं, ती गोवरानं गेलीच नाही, गोवर तर बरा झाला होता. ती न्यूमोनियानं गेली. न्यूमोनियाची लस मी थोडीच नाकारली होती. या वाक्यावर मी बरीच वर्षं काढली. चांगलं टिकलं ते.

त्यानंतर मी कुणाच्याही पोराचा दंड पाहिला नाही. कागद दाखवा, म्हणायची. कागद नसेल तर टोचायचं, दोनदा झालं तर होऊ दे. दोनदा दिल्यानं काही बिघडत नाही, रडू दे. बाया कुजबुजायच्या, टीचरबाई लय कडक झाली. पुढं पोलिओचे डोस आले. थेंब पाजायचे आणि करंगळीच्या नखावर शाईचा ठिपका लावायचा. सगळ्या देशात तो ठिपका कौतुकाचा. मला तो नकोसा वाटायचा. पुन्हा खूणच की! आणि दर वेळी सगळ्यांत आधी कोण यायचं, तर पार्वतावैनी, कौशीनंतरच्या लेकीला घेऊन. "घाला बाई, दोन थेंब जास्तीच घाला."

नव्वदीच्या मध्यावर कधीतरी आदिलाबादला प्रशिक्षण होतं. पंख्याखाली सगळ्या पेंगत होत्या. कोणीतरी विचारलं, गोवर झालेलं लेकरू बरं झाल्यावर मग का दगावतं? डॉक्टर म्हणाले, गोवर गेला तरी दोन-तीन महिने लेकराचं अंग उघडं पडलेलं असतं. मागून न्यूमोनिया येतो, हगवण येते. मरण त्यांच्या नावावर लागतं, पण ते काम गोवराचंच. बाजूची बाई लिहून घेत होती. मी माझी वही मिटली.

आता माझी लेक, ती दवाखान्यातल्या लॅबमध्ये आहे, त्याच्या पुढचं सांगते. म्हणते, "आई, गोवर नुसता आजारी नाही पाडत. तो आत शिरून राखणदारांची जुनी आठवणच पुसतो. ज्या रोगांशी अंग आधी लढलं होतं, तेसुद्धा ते विसरून जातं." मी म्हटलं, म्हणजे पाटी कोरी. म्हणाली, हो, बरीचशी कोरी. मी फोन ठेवला. कौशीला म्हणजे आपली दुखणीही आठवत नव्हती शेवटी. बाहीच तेवढी आठवत होती.

प्रशिक्षणाहून आले त्याच आठवड्यात मी पार्वतावैनीकडे गेले. फाल्गुनच होता. भर दुपार, अंगणात ती सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. चुलीवर वरण शिजून खाली उतरवलेलं, पिवळंधमक, साधं. आत तिची धाकटी लेक कुरकुरत होती, "आई, सगळ्यांच्या घरी फोडनीचं हाय, आपल्याच घरी काऊन नाही?" पार्वतावैनी म्हणाली, "मायचा महिना हाय. खा गुमान."

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. सगळं. देवी म्हणजे काय, टीका म्हणजे काय, डावा दंड, उजवा दंड, ती खूण कशाची होती, रांगेतून मी तुम्हाला कसं परत पाठवलं. "वैनी, फोडणीनं काही नाही झालं. फोडणीचा काही संबंधच नव्हता. माझ्यामुळं झालं. मला सिस्टरनं तेव्हाच सांगितलं होतं, आणि मी गप बसले."

ती सूप हलवत राहिली. खडे एका बाजूला येत होते, ते वेचून टाकत होती. मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल, सूप फेकून मारेल. मी त्या तयारीनं गेले होते. खरं तर मला ते हवं होतं.

शेवटचा खडा टाकून ती म्हणाली, "मंग मी इतकी वर्सं बिनफोडनीचं काऊन खाल्लं, बाई?"

रागानं नाही. खरंच विचारत होती. जशी गावात साहेब आल्यावर विचारायची, काय म्हणते बाई हा.

मग तिनं सूप खाली ठेवलं. "हे आज बोल्ले ते बोल्ले. आता कोनाले सांगू नोका. ते फोडनी माया हातची हाय. त्या महिन्यात ते आळनी घास खातो तवा वाटते, पोट्टी अजून घरात हाय, झोपली हाय, आवाज नोको. तुमी हेबी घेऊन गेल्या तर मायापाशी काय राह्यते?" सूप पुन्हा उचलत म्हणाली, "माई चूक मलेच राहू द्या. तुमची तुमी ठेवा."

मी उठले. दारापर्यंत आले तर मागून म्हणाली, "तुमीनं तिले तो पोपट धरू देल्ता, मले याद हाय." त्यानंतर आम्ही दोघी या विषयावर कधी बोललो नाही. रोज दिसतो, रोज बोलतो, पापड सोबत लाटतो.

पार्वतावैनीच्या नातीला पुढच्या आठवड्यात गोवराची सुई आहे. काल वैनी काठी टेकत कागद घेऊन आली, मला वाचून दाखव म्हणाली. मी दोनदा वाचला. तारीख, उजवा दंड, सगळं बरोबर होतं. नंतर लेकीचा फोन आला, रोजचाच. "आई, जेवलीस? काय केलं होतंस?"

"वरणभात."

"फोडणीचं वरण?"

गल्लीत तेव्हा सगळ्यांच्या मोहऱ्या तडतडत होत्या. पार्वतावैनीची नव्हती. माझा मायवर कधीच विश्वास नव्हता, आजही नाही.

"नाही गं," मी म्हटलं. "साधंच."